बोटांना दिसेल असा रंग

मानोरा गावात आमच्या दुकानाची पायरी चढणारा दर दुसरा माणूस आधी हातातलं आधार कार्ड पुढे करतो आणि म्हणतो, "दोन्ही बाजूनं मारा." पाटीवर 'छपाई' लिहिलंय ना! मी त्याला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवते. काही जण जाता जाता विचारतात, "मंग तुमी छापता तरी काय?" हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आणि मीही आयुष्यभर त्याचं उत्तर भांडल्यासारखंच दिलं. दिवाळी अंकासाठी धंद्याबद्दल लिहा असा निरोप आला, तेव्हा म्हटलं, चला, एकदाचं सगळ्यांना मिळून सांगून टाकू.

मी स्क्रीन प्रिंटिंग करते. कापडावर जास्त, कागदावर कमी. एक लाकडी चौकट असते, तिला आम्ही फ्रेम म्हणतो. तिच्यावर बारीक जाळीचं नायलॉन कापड ताणून बसवायचं. नक्षी सोडून बाकीची जाळी बुजवून टाकायची. मग फ्रेम कापडावर टेकवायची, वरच्या कडेला रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीने तो एका दमात खाली ओढायचा. जाळी जिथे उघडी तिथून रंग उतरतो, बुजलेली तिथून उतरत नाही. एवढंच. पण एका फ्रेममधून एकच रंग निघतो. दुसरा रंग हवा तर दुसरी फ्रेम, आणि ती पहिल्या रंगावर जिथल्या तिथे बसली पाहिजे. केसभर सरकली की मोराचा डोळा मानेवर येतो. तशा डोळा उतरलेल्या काही पिशव्या आमच्या घरी अजून भाजीला वापरतो.

हा धंदा माझ्या माहेरचा नाही आणि सासरचाही नाही. माहेर कामरगावचं, माळ्याचं. वांगी, मेथी, मिरची यांच्यात वाढले. सासरी नवरा, गजानन, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्सचं मशीन आलं आणि पाटी रंगवून घेणारी माणसं एकेक करून दिसेनाशी झाली. गजाननने कुठूनतरी एक जुनी फ्रेम आणली, काही दिवस तिच्याशी झटापट केली आणि वैतागून कोपऱ्यात उभी केली. ती मी उचलली. आता तो कापड ताणतो, इस्त्री मारतो आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. गोड बोलणं मला जमत नाही, म्हणून ते खातं त्याच्याकडे आहे.

लग्नपत्रिका, पिशव्या, मंडळांचे दुपट्टे हे सगळं पोटासाठी. मला नाद लागला तो रंगावर रंग टाकण्याचा. पातळ रंग वापरला तर खालचा रंग वरच्यातून डोकावतो. पिवळ्यावर निळा गेला की हिरवा होतो, पिवळ्यावर गुलाबी गेला की नारिंगी. तिन्ही एकावर एक आले की तपकिरी. म्हणजे तीन फ्रेमांमध्ये सात रंग निघतात, पण कुठे किती पातळ ओढायचा ते हाताला कळावं लागतं. ते कळायला माझी बरीच वर्षं आणि घरातल्या बऱ्याच जुन्या चादरी गेल्या.

आसेगावच्या भजनी मंडळाचे एक बुवा पिशव्या छापायला आले होते. त्यांना मोर हवा होता, हिरव्या पिसाऱ्याचा. काम बघायला म्हणून टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि फ्रेमा मोजू लागले.

"ताई, हिरवी फ्रेम कुठी हाये?"

"नाई हाये."

"मंग हिरवा कुठून येईन? इसरल्या तुमी."

मी छापलेल्या पिवळ्यावर निळ्याची फ्रेम टेकवली आणि रबराची पट्टी त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, "वढा निया रंग, तुमच्याच हातानं." त्यांनी ओढला, फ्रेम उचलली, आणि पिसारा हिरवागार. बुवांनी फ्रेम उलटी करून पाहिली, खालून पाहिली, टेबलाखाली वाकूनही पाहिलं. पुढे आसेगावात ते सांगत फिरले म्हणे, की मानोऱ्याच्या बाईले रंगाची करणी येते. मला हे इतकं आवडलं की मी आल्यागेल्याला ही गोष्ट ऐकवायची. रंगाच्या थरांबद्दल जे कळायचं ते आपल्याला कळलं, अशी माझी खात्री झाली होती.

आणि मग रुपलीबाई आल्या.

ही अलीकडची गोष्ट. चैत्र सरत आला होता. मानोऱ्याच्या आसपास बंजारा समाजाचे पुष्कळ तांडे आहेत, त्यांतल्याच एका तांड्यावरून नातीचा हात धरून ही म्हातारी दुकानात आली. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. नात आरती, तिचं वैशाखात लग्न. रुपलीबाईंनी पदराखालून एक गाठोडं काढलं, चाचपत गाठ सोडली आणि एक भरतकामाचा तुकडा टेबलावर पसरला. काळपट लाल कापड, त्यावर काळ्या, पिवळ्या, लाल, हिरव्या दोऱ्यांच्या चौकटी. कडा शाबूत होत्या. मधलं मात्र झिजून गेलं होतं, नुसतं भोक उरलं होतं.

"हे माह्या मायनं भरलं," त्या म्हणाल्या. "तिनं मले शिकोलं. मी कोनाले शिकोलं नाई. सुना म्हने टाइम नाई. आता कोनी शिकतो म्हनलं, तं माहे डोये गेले. हा नमुना दुसऱ्या कोनाले येत नाई, बाई. माह्यासंगं मसनात जाऊन राह्यला. पोरीच्या ओढनीवर उतरवून दे."

आरती हळूच म्हणाली, "काकू, भरतकामाले टाइम कुठं हाये? दिवाळी झाली का आमी ऊस तोडाले जातो. तुमी छापून द्या. आजीचं मन राह्यते."

मला काम सोपं वाटलं. अडचण फक्त मधल्या भोकाची होती. तिथे काय होतं ते रुपलीबाईंच्या डोक्यातच उरलेलं. त्यांनी टेबलाच्या लाकडावर बोट ठेवलं आणि सांगू लागल्या. इथं चौकट, तिच्या पोटात चौकट, तिच्या चारी कोपऱ्यांतून पिवळा निघतो. तोंडातल्या तोंडात गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, टाके मोजायच्या, आरती ते मला मराठीत सांगायची आणि मी चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने घरं भरायची. कुठे चुकलं की त्या पुन्हा कडेपासून सुरुवात करायच्या. दुपार गेली, पण भोक भरलं.

मग मी माझी करणी दाखवली. तीन फ्रेमा, सात रंग, आणि वर काळ्याची एक. इतका सुरेख नमुना उतरला की गजानन दुकानाबाहेर नेऊन उन्हात धरून आला. आरतीने मोबाईलवर फोटो काढले. मी तो कापडाचा तुकडा रुपलीबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी या कडेपासून त्या कडेपर्यंत हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"कोरं हाये," त्या म्हणाल्या.

"मावशी, छापलं हाये न."

"कुठी? मले तं नुसतं कापडच लागून राह्यलं."

गजानन त्याच्या खात्यातलं बोलला, "मावशी, रंग लय सुंदर आला हाये. मी उन्हात धरून पाह्यला."

"तू पाह्यला न? मंग मले दाखव," असं म्हणून त्यांनी तळहात पुढे केला.

आरती शरमून गेली. म्हणाली, "राहू द्या काकू, हेच द्या. तिले काय दिसते?"

ते वाक्य मला लागलं. म्हातारीला ते ऐकू आलं होतं आणि तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते जास्त लागलं. मी म्हटलं, "तुह्या आजीच्या हाताले पटल्याशिवाय ही ओढनी माह्या दुकानाबाहेर जानार नाई." असं वचन माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. गजाननने कपाळाला हात लावला.

आमच्या धंद्यात खादी पेस्ट नावाची एक चीज असते. दह्यापेक्षा घट्ट, पांढरी, कापडावर उठून बसणारी. खालचं काहीही झाकून टाकते. मला ती कधीच आवडली नाही, कारण माझा सगळा जीव पारदर्शक रंगात. पण हाताला लागायचं तर तीच हवी. तिच्यात रंग कालवला आणि ओढायला गेले, तर माझ्या बारीक जाळीतून ती उतरेचना. नक्षी तुटक तुटक यायची, जाळी तुंबायची. जाड जाळी शोधत असतानाच भावाकडे कामरगावला जाणं झालं. मळ्यात मिरचीच्या रोपांवर कीड बसू नये म्हणून त्याने जाळीचं कापड टाकलं होतं. मी ते बोटांनी ताणून पाहिलं आणि तिथेच वाकून बसले.

भाऊ म्हणाला, "काय झालं वो बाई? रोपात साप हाये का?"

"हे कापड मले दे."

"कायले?"

"छापाले."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसे आसेगावचे बुवा फ्रेमकडे पाहत होते. पण उरलेला तुकडा कापून दिला. तो मी फ्रेमवर ताणला आणि पेस्ट सरसर उतरली.

पुढे उन्हाळा आडवा आला. आमच्याकडच्या उन्हात पेस्ट जाळीतच सुकते. मग सूर्य उगवायच्या आत टेबलापाशी उभी राहायचे. खिडक्यांना ओली पोती लावली. कूलर आमच्याकडून काढून फ्रेमकडे वळवला. गजानन घामाने निथळत म्हणाला, "आता तिलेच जेवाले वाढ." पत्रिकावाले खोळंबले होते, त्यांना तो चहा पाजत होता. मी मात्र हट्टाला पेटले होते. दुसरा नमुना छापून झाला तेव्हा डोळे मिटून स्वतः बोट फिरवून पाहिलं. एकेक रेघ बोटाला लागत होती.

रुपलीबाईंना बोलावलं. त्यांचं बोट कडेवर टेकलं आणि चेहरा बदलला. मोजणं सुरू झालं. पहिली चौकट गेली, दुसरी गेली. मग बोट थांबलं.

"उलटं हाये."

"काहून?"

"पिवया वरतून जाते. काया खाली राह्यते. तू पिवयाले गाडून टाकलं."

झिजलेला तुकडा मी पुन्हा उजेडात धरला. खरंच, काळे टाके आधी घातलेले, पिवळा त्यांच्यावरून तिरका गेलेला. आणि आमच्या धंद्याची बाराखडीच अशी, की फिका आधी, गडद शेवटी. गडदाने फिक्याच्या चुका झाकल्या जातात; फिका गडदावर टाकला तर दिसतच नाही. मी इतकी वर्षं हेच करत आले आणि शिकवत आले.

मी वाद घातला. "मावशी, आमच्या कामात पिवया आधीच टाका लागते."

"तुह्या कामात," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे मायचं काम हाये."

त्या रात्री जेवताना मी गजाननशी बोलले नाही. त्याचा काही दोष नव्हता, पण राग कुठेतरी काढायचा असतो. सकाळी उठून सगळ्या फ्रेमांचा क्रम उलटा लावला.

काळा आधी. तो वाळला की जिथून पिवळा जाणार तिथे आधी पांढऱ्या पेस्टचा थर, कारण पिवळा कालवलेली पेस्ट काळ्याला पुरती झाकत नाही. तो वाळला की त्यावर पिवळा. पांढरा थर पिवळ्यापेक्षा किंचित अरुंद हवा, नाहीतर कडेने दात दाखवतो. पहिल्यांदा मी थर जाड ठेवले, तर ओढणी पापडासारखी कडक झाली आणि घडी घालताच तडकली. तेव्हा कळलं की एक जाड थर तडकतो, पातळ थरावर पातळ थर चढवला तर तो कापडाबरोबर वाकतो. पण मग एकेका रंगासाठी तीच फ्रेम पुन्हा पुन्हा त्याच जागी बसवायची, आणि खालचा रंग जसजसा उंच होईल तसतशी फ्रेम डुगडुगते. टेबलाला खिळे ठोकून फ्रेमचे कोपरे अडवले. लग्न जवळ येत होतं. आरतीचे फोन येत होते, "काकू, झालं का?" मी म्हणायची, "होते." गजानन एकदा म्हणाला, "नाई जमलं तं सांगून टाकू." मी पट्टी हातात घेऊन नुसती त्याच्याकडे वळले, तो इस्त्रीकडे गेला.

हळदीच्या आदल्या दिवशी ओढणी तयार झाली. गाडीवर गजाननच्या मागे बसून, मांडीवर ताटासारखी आडवी धरून मी ती तांड्यावर नेली. मांडवाच्या सावलीत बाजेवर रुपलीबाई बसल्या होत्या. बायका जमल्या. त्यांनी कडेपासून सुरुवात केली, मोजत मोजत मधल्या चौकटीपर्यंत गेल्या, तिथून पलीकडच्या कडेला. कुठेही अडल्या नाहीत. मी वाट पाहत उभी होते.

"चालते," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मायचं नाई. पन चालते."

बायका खूश झाल्या, आरतीने ओढणी डोक्यावर घेऊन फोटो काढले, आम्हाला आग्रहाने जेवायला बसवलं. लग्नात ती ओढणी उठून दिसली, असं सगळे म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही. मला वाईट वाटलं. म्हातारीला जे वाचवायचं होतं ते माझ्या हातून अर्धंच वाचलं होतं. नक्षी राहिली, तिच्या आईचा हात राहिला नाही. आणि त्यावर माझ्याजवळ कुठलीच फ्रेम नव्हती.

त्या उन्हाळ्याने माझं काम मात्र बदललं. पिशव्या असोत की पडदे, आता मी गडद आधी टाकून पाहते. पातळ रंगांचं कौतुक अजून आहे, पण एखाद्या कोपऱ्यात हाताला लागेल असा थर उभा केल्याशिवाय चैन पडत नाही. गिऱ्हाईक पिशवी घेताना नकळत त्यावरून अंगठा फिरवतं, ते मी चोरून बघते.

दिवाळीनंतर आरती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. होळी होऊन गेली, ऊन तापायला लागलं, तेव्हा एक दिवस आजीचा हात धरून ती पुन्हा दुकानात आली. काळवंडली होती, हातांना चिरा पडल्या होत्या. म्हणाली, "काकू, तुमाले काई दाखोतो," आणि पिशवीतून ती ओढणी काढून टेबलावर पसरली.

माझ्या रंगावर दोरा होता. काळ्यावर काळा, पिवळ्यावर पिवळा. एका कडेपासून मधल्या चौकटीच्या अर्ध्यापर्यंत तिने माझा सगळा छाप टाक्यांनी भरून काढला होता. जे थर चढवायला मी उन्हाळा घातला होता ते आता दिसतच नव्हते.

"माह्या छापाले भोकं पाडले तू?" माझा आवाज चढला. गजानन इस्त्री टेकवून धावत आला.

आरती घाबरली, पण गप्प बसली नाही. "काकू, ऐका तं. फडावर पाचटाची कोपी राह्यते, झोपडीसारखी; तिच्यात संध्याकायी लाइट राहत नाई. मी आजीले फोन लावो. ती सांगे, आता काया घे, इतकी घरं जाय, मंग पिवया वरतून काढ. मले काई दिसे नाई, पन खालून तुमचा रंग हाताले लागे. सुई त्याच्यावरूनच चाले. चुकलीच नाई."

"तुले तं टाइम नव्हता न?"

"नव्हताच," ती म्हणाली. "रोज थोडंसंच होये. पन आता मले येते, काकू. तुमच्या त्या चौकटीच्या कागदाशिवाय येते."

माझा राग कुठे जाऊन बसला ते मला कळलं नाही. पण लगेच कौतुक करणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून गजाननवर ओरडले की चहा ठेव.

रुपलीबाई बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "दे इकडे." आरतीने ओढणी त्यांच्या मांडीवर अंथरली. बोट कडेवर टेकलं, गोरमाटीतलं मोजणं सुरू झालं. ते आता आरतीच्या दोऱ्यावरून चाललं होतं. पहिली चौकट झाली, दुसरी झाली. आरतीचे टाके मधल्या चौकटीत अर्ध्यावर संपत होते आणि पुढे नुसता माझा रंग होता. ती जागा मला दिसत होती, त्यांना नव्हती. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. बोट शेवटच्या टाक्यावर आलं, दोऱ्यावरून उतरलं आणि माझ्या पिवळ्यावर चढलं.

मोजणं थांबलं नाही.